‘जसे आहात तसे जा’ हा सल्ला कुणाच्या सोयीचा?

नोव्हेंबरच्या अखेरीस कॅट होते, वर्ष सरता सरता निकाल लागतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आयआयएमच्या मुलाखती सुरू होतात. थोडं मागेपुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे आपली ‘टिस’, पुण्याची एफटीआयआय, अहमदाबादची एनआयडी अशा ठिकाणीही मुलांना पॅनलसमोर बसावं लागतं. या हंगामात करिअर मेळाव्यांच्या व्यासपीठांवरून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एक सल्ला हमखास ऐकू येतो. मुलाखतीची तयारी करायची नसते. जसे आहात तसे जा. तयारी केली की माणूस कृत्रिम होतो, समोरच्या प्राध्यापकांना ते क्षणात कळतं आणि तिथंच तुमचा निकाल लागतो.

हा सल्ला देणारी माणसं बहुतेक सज्जन असतात. स्वतः नामवंत संस्थांत शिकलेली, मुलांचं भलं चिंतणारी. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण मी सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते, दर हिवाळ्यात अशा मुलाखतींना निघालेल्या मुलांबरोबर बसते, आणि जे पाहते त्यावरून मला हा सल्ला चुकीचाच नव्हे, अन्यायाचा वाटतो. ज्यांची तयारी आधीच झालेली आहे त्यांनी, ज्यांची झालेली नाही त्यांना तयारी करू नका असं सांगणं, हा त्याचा खरा अर्थ होतो.

तयारी आधीच झालेली असते म्हणजे काय, ते नीट पाहू. आई बँकेत अधिकारी आणि वडील डॉक्टर असलेल्या घरातला मुलगा पाचवी-सहावीत असतो तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याला विचारतो, काय वाचतोस, मोठेपणी काय करणार, तुला गणित का आवडतं. तो उत्तरं देतो. चुकतो, हसतात, पुन्हा बोलतो. जेवताना बजेटवर वाद होतो, त्यात त्याचंही मत विचारलं जातं आणि तो वडिलांना ‘नाही हो बाबा, तसं नाहीये’ असं म्हणू शकतो. आतेभाऊ आयआयटीत असतो, मावशी परदेशात असते, त्यांच्या मुलाखतींचे किस्से त्याने ऐकलेले असतात. बावीसाव्या वर्षी तो पॅनलसमोर बसतो तेव्हा त्याच्यामागे दहा-बारा वर्षांचा सराव असतो. त्या सरावाला कुणी तयारी म्हणत नाही, कारण त्यासाठी कुठे फी भरलेली नसते. लोक त्याला ‘व्यक्तिमत्त्व’ म्हणतात. असा मुलगा जसा आहे तसा गेला तर चालतं. त्याला तो सल्ला लागू पडतो.

आता माझ्या वर्गातली मुलं. शाळेत उत्तर आलं नाही की उभं राहायचं आणि जास्त बोललं की बसायचं, एवढंच ती शिकलेली असतात. मोठ्या माणसासमोर आपलं मत मांडणं म्हणजे उलट बोलणं, असं घरी ठरलेलं. दहावीला भाषा विषयांत तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण असतात. ते वीस गुण या मुलांना बोलायला शिकवण्याची केवढी मोठी संधी होती. पण किती शाळांत ती तोंडी परीक्षा खरोखर घेतली जाते, हे शिक्षकांनी छातीवर हात ठेवून सांगावं. सगळ्या वर्गाला अठरा-एकोणीस गुण देऊन यादी बोर्डाकडे जाते. 2019 च्या परीक्षेत हे गुण काढून टाकले, राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 टक्क्यांवर आला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी गुण परत आले. चर्चा सगळी टक्क्यांची झाली. मुलं बोलायला शिकतात का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पुढेही तेच. अभियांत्रिकीला सीईटी आणि कॅप राउंड, वैद्यकीयला नीट. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी.ला तर गुणपत्रिका आणि अर्ज पुरे. म्हणजे महाराष्ट्रातला साधा, हुशार मुलगा पदवीपर्यंत पोचतो तोवर आयुष्यात एकदाही कुणी त्याला समोर बसवून वीस मिनिटं त्याच्याबद्दल काही विचारलेलं नसतं. पहिली मुलाखत थेट आयआयएमची किंवा टिसची. तिथं जाताना आपण त्याला सांगतो, तयारी करू नकोस.

याच राज्यात यूपीएससीच्या मुलाखतीबद्दल मात्र कुणी असं बोलत नाही. तिथं व्यक्तिमत्त्व चाचणीला 2025 पैकी 275 गुण आहेत, उमेदवाराला मराठीतही मुलाखत देता येते, आणि पुण्याच्या सदाशिव पेठेपासून दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरपर्यंत सराव मुलाखतींचा धडाका असतो. निवृत्त सनदी अधिकारी त्यात बसतात. बार्टी, सारथीसारख्या सरकारी संस्था त्यासाठी मदत करतात, आणि ते योग्यच आहे. त्या उमेदवारांना कुणी कृत्रिम म्हणत नाही. उलट निकालानंतर त्यांचे सत्कार होतात आणि सत्काराच्या भाषणात ते स्वतःच किती सराव मुलाखती दिल्या ते सांगतात. मग बावीस वर्षांच्या मुलीने प्रवेशाच्या मुलाखतीआधी सराव केला तर तिच्या खरेपणावर डाग का पडावा? तालमीत घाम गाळून आलेला पैलवान मैदानात खोटा ठरत नाही.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र मी बिनशर्त मान्य करते. पाठ केलेली उत्तरं ओळखू येतात. ती मलाही ओळखू येतात, मग आयुष्यभर मुलाखती घेणाऱ्या प्राध्यापकांना येणारच. ‘माझं बलस्थान मेहनत आणि माझा दोष म्हणजे मी लोकांवर पटकन विश्वास ठेवते’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून, इतक्या सारख्या शब्दांत ऐकलं आहे की त्याचा उगम एकाच व्हिडिओत असावा. ही वाईट तयारी आहे. पण वाईट तयारीवरचा उपाय चांगली तयारी हा आहे. तयारीच नको, असं त्यातून निघत नाही. गाइडमधून गणितं पाठ करणाऱ्या मुलाला आपण गणित सोडायला सांगत नाही.

चांगली तयारी म्हणजे काय, ते माझ्या एका विद्यार्थिनीच्या उदाहरणावरून सांगते. तासगाव भागातली, बी.कॉम.ची, घरची द्राक्षबाग. कॅटला चांगले गुण मिळाले आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. सरावाला बसवलं तेव्हा तिने स्वतःबद्दल जे सांगितलं त्यात ती कुठेच नव्हती. शेतकरी कुटुंब, कष्टाळू स्वभाव, संघभावना, नेतृत्व. तिच्या जागी कुणालाही बसवलं असतं तरी चाललं असतं. मग मी तिला मराठीत सहज विचारलं, तुमच्याकडे बेदाणा कसा करतात गं?

त्यानंतर ती थांबेना. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षं बुडवायची, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायची, पंधरवडाभर वाळू द्यायची. सुमारे चार किलो द्राक्षांमागे एक किलो बेदाणा. नेमकं त्याच दिवसांत अवकाळी पावसाचं वातावरण झालं की माल काळा पडतो आणि भाव पडतो. हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी. मग कोल्ड स्टोअरेज, मग सौदे. सौद्यात व्यापारी बॉक्स उघडून मूठमूठ माल काढून बघतात, उधळतात, आणि ती तूट शेतकऱ्याच्या अंगावर पडते. तिचे वडील त्यावरून किती वेळा भांडून आले होते ते तिने हातवारे करून सांगितलं. चेहरा उजळला होता. आवाज पहिल्यापेक्षा निम्म्याने खाली आणि दुपटीने ठाम झाला होता.

मी तिला विचारलं, हे सगळं मगाशी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मॅडम, हे काय मुलाखतीत सांगायचं असतं?

या एका वाक्यात माझा सगळा मुद्दा आहे. ‘जशी आहेस तशी जा’ असं तिला सांगितलं असतं तर ती व्हिडिओतली मुलगी घेऊन गेली असती, कारण आपण जसे आहोत तसं तिथं चालत नाही, असं आपल्या शिक्षणाने तिला सोळा वर्षं शिकवलं होतं. जसे आहोत तसे जाण्यासाठीच तिला तयारी लागणार होती.

मग ती तयारी सुरू झाली. मी तिला अडत्याची पट्टी आणायला सांगितली. त्या कागदावर माल किती, तूट किती, हमाली, तोलाई, अडत आणि शेवटी हातात काय, हे सगळं असतं. तिने ती पट्टी आयुष्यभर घरात बघितली होती, वाचली कधी नव्हती. कोल्ड स्टोअरेजचं भाडं भरून माल ठेवायचा की लगेच विकायचा, हे वडील कसं ठरवतात, ते तिने फोन करून विचारलं. गोदामातल्या मालावर तारण कर्ज मिळतं, पण गरजेच्या वेळी हातात पडायला उशीर होतो, हे तिला तेव्हा कळलं. खेळतं भांडवल, भावाची जोखीम, विकणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला जास्त माहिती असणं, हे सगळं ती दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात शिकलेली होती. पुस्तक आणि पट्टी यांची गाठ तिच्या मनात कधी पडली नव्हती. सरावाने ती पाडली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा आपल्या घराला काय फायदा झाला, या प्रश्नावर तिने आधी गुळमुळीत उत्तर दिलं. नंतर घरी विचारून आली आणि म्हणाली, आमच्या पट्टीवर तरी काही फरक दिसत नाही. हे उत्तर कुठल्याही क्लासने तिला दिलं नसतं.

यात मी तिला काय शिकवलं? कृत्रिम होण्याची एकही गोष्ट नाही. तिच्याकडे जे होतं ते तिला दाखवलं, त्यातल्या ज्या गोष्टी अर्धवट माहीत होत्या त्या नीट विचारून यायला लावल्या, आणि अनोळखी माणसासमोर त्या बोलायचा धीर येईपर्यंत तिला बोलतं ठेवलं. एका संस्थेने तिला नाकारलं, दुसरीने घेतलं. मुलाखत आहे, असं होतंच.

आणखी दोन गोष्टींना सराव लागतोच लागतो. पहिली, ‘मला माहीत नाही’ असं म्हणणं. शहरी, इंग्रजी शाळेतला मुलगा हे वाक्य सहज म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आमच्या मुलांना ते म्हणताना घाम फुटतो, कारण माहीत नसणं हा त्यांच्यासाठी नेहमी गुन्हा होता. मग ती ठोकून देतात आणि पुढच्या तीन प्रश्नांत उघडी पडतात. दुसरी, प्राध्यापकाशी असहमत होणं. पॅनल मुद्दाम उलट बाजू घेतं, ते बघण्यासाठी की समोरचा विचार करतो की मान डोलावतो. ‘सर, मला थोडं वेगळं वाटतं’ हे वाक्य आमच्या मुलांच्या घशातून निघत नाही. पहिल्यांदा ते माझ्यासमोर निघू दे, मी रागावणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. मग ते तिथंही निघेल.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. आयआयएममध्ये इंग्रजीला पर्याय नाही, म्हणून आधी विचार मराठीत पक्का करायचा आणि मग तो साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत आणायचा. उच्चार बदलण्याच्या नादी लागू नये. शब्द अडला तर थांबावं, दुसऱ्या शब्दांत सांगावं. इतर संस्थांत हिंदीत बोलू का, असं विचारायला काहीच हरकत नाही.

एका बाबतीत मात्र मी तयारीच्या कट्टर विरोधात आहे. उद्दिष्टपत्र, म्हणजे एसओपी, दुसऱ्याकडून लिहून घेण्याच्या. पैसे घेऊन ते लिहून देणारे आहेत आणि हल्ली यंत्राकडून लिहून घेणारीही मुलं आहेत. अनेक ठिकाणी पॅनलच्या हातात तोच कागद असतो आणि प्रश्न त्यातूनच निघतात. त्यात ‘ग्रामीण विकासाची तळमळ’ असं लिहिलेलं असेल आणि गावच्या ग्रामसभेत शेवटचं कधी बसलात, याला उत्तर नसेल, तर तो कागदच तुमच्याविरुद्ध साक्ष देतो. मोडकंतोडकं लिहा, पण स्वतः लिहा. व्याकरण शिक्षक तपासून देतील.

आता यावर काही जण म्हणतात, मुलाखतच अन्यायाची आहे, ती बंद करा, म्हणजे तयारीचा प्रश्नच मिटेल. या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, म्हणून ते टाळून चालणार नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात 1979-80 च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला 100 आणि मुलाखतीला 50 गुण होते. नाकारल्या गेलेल्या मुलांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की त्यांची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली, आईवडील कोण आणि राहता कुठे असले प्रश्न विचारले, विषयाचं काही विचारलंच नाही. लेखीत खूप मागे असलेली मुलं मुलाखतीच्या गुणांवर पुढे गेली होती. अजय हसिया खटल्यात नोव्हेंबर 1980 मध्ये न्या. भगवतींनी लिहिलेल्या निकालात घटनापीठाने सांगितलं की एकूण गुणांच्या एकतृतीयांश गुण मुलाखतीला ठेवणं मनमानी आहे, 15 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नयेत, आणि मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या तर बरं. पुढे नोकरभरतीच्या खटल्यांत न्यायालयाने वेगळा विचारही केला, पण प्रवेशाबाबत त्या निकालातली भीती आजही खरी आहे.

मला तो निकाल मनापासून पटतो. पण वस्तुस्थिती काय आहे? आयआयएम अहमदाबादच्या अंतिम निवडीत अलीकडच्या वर्षांत मुलाखतीचा वाटा जवळपास निम्मा आहे. हा वाटा कमी व्हावा, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण व्हावं, म्हणून लढायला हवं, आणि मी त्या बाजूची आहे. पण ती लढाई चालू असताना येत्या फेब्रुवारीत जी मुलगी पॅनलसमोर बसणार आहे, तिला रिकाम्या हाताने पाठवायचं का? मुलाखतीत पॅनलच्या मर्जीला जितकी जास्त जागा, तितकी तयारीची गरज जास्त. मर्जी बहुधा आपल्यासारख्या बोलणाऱ्या माणसाकडे झुकते, आणि ती लेखीतल्या गुणांवर मात करू शकते, हे श्रीनगरने दाखवलं आहे.

तयारी म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, असाही एक आक्षेप आहे. महागड्या क्लासची तयारी तशी आहे, हे खरं. पण मी वर जे सांगितलं त्याला एक पैसा लागला नाही. आणि हे मोठ्या प्रमाणावर करता येतं, हे यवतमाळातून सुरू झालेल्या ‘एकलव्य’ने दाखवलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून टिसपर्यंत आणि पुढे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या सोआस विद्यापीठापर्यंत पोचलेले राजू केंद्रे आणि त्यांचे सहकारी, घरात पहिल्यांदाच उच्चशिक्षणाकडे निघालेल्या मुलांना अशा संस्थांच्या प्रवेशासाठी तयार करतात. आधी पोचलेला मागच्याला हात देतो. ती मुलं ‘जसे आहात तसे जा’ या सल्ल्यावर विसंबली असती, तर त्यातली किती पोचली असती?

सरकारी संस्थांनाही हे जमण्यासारखं आहे. यूपीएससीच्या मुलाखतीला जी मदत मिळते, तशी प्रवेशाच्या मुलाखतींनाही मिळायला हवी. काही मुलाखती ऑनलाइन होतात, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एक खोली, चांगलं नेट आणि वीज गेली तरी चालणारा संगणक एवढं दिलं तरी अर्धा ताण जाईल. ऐन मुलाखतीत आवाज तुटला म्हणून रडत बाहेर आलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या बुद्धीत काही कमी नव्हतं, गावात रेंज नव्हती.

म्हणून महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे. यंदा डिसेंबरमध्ये कॅट, सीयूईटी, एफटीआयआय, कशालाही बसलेल्या किंवा बसणाऱ्या मुलांची यादी करा. तीन शिक्षक एका टेबलामागे बसा. त्यातला एक त्या मुलाला न ओळखणारा, दुसऱ्या विषयाचा असू द्या. प्रत्येकाला अर्धा तास द्या, सुरुवात मराठीत करा, घरातल्या व्यवसायापासून करा. पहिल्यांदा काहीही सुधारू नका, नुसतं ऐका. आठवड्याने पुन्हा बोलवा. आणि ज्यांच्या महाविद्यालयात हे होत नाही, त्या मुलामुलींनो, चार जण मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या आणि सराव मुलाखत मागा. तो तुमचा हक्क आहे.